टू-आय मीडियम मानवी आयपीएस पेशींना का चालत नाही? जीएसके३ आणि ईआरके नेमकं काय करतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उंदराच्या भ्रूण-मूलपेशी एन२बी२७ मीडियममध्ये दोन इनहिबिटर (एन्झाइम रोखणारे रेणू) घालून, म्हणजेच टू-आय मीडियममध्ये, वाढवल्या. ईआरकेला चालना देणारं एमईके रोखणारं पीडी०३२५९०१ हे १ मायक्रोमोलर, आणि जीएसके३ रोखणारं सीएचआयआर९९०२१ हे ३ मायक्रोमोलर. त्या घुमटासारख्या, चकचकीत कडांच्या कॉलन्यांत मस्त टिकल्या. तेच दोन्ही त्याच प्रमाणात मानवी आयपीएस पेशींना (प्रौढ पेशींपासून परत बनवलेल्या मूलपेशींना) दिल्यावर तिसऱ्या दिवशी कॉलन्या विस्कटल्या, पेशी चपट्या होऊन पसरल्या आणि मूलपेशीपणाची खूण असलेलं ऑक्ट४ उतरलं. पुस्तकात एका प्रकरणात जीएसके३ दाबल्याने मूलपेशीपण टिकतं असं आहे, दुसऱ्यात जीएसके३ दाबल्याने मेसोडर्म (भ्रूणाचा मधला थर) तयार होतो असं. मग खरं कोणतं, आणि इनहिबिटरची बाटली तर खराब नाही ना? आणि जाता जाता, आरओसीके इनहिबिटरचं काय?

बाटली बहुधा चांगली आहे. इनहिबिटर काम करतायत म्हणूनच मानवी कॉलन्या मोडल्या. आणि पुस्तकातली दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त दोन वेगळ्या पेशींबद्दल. एखादं एन्झाइम मूलपेशीपण टिकवतं की मोडतं, हा प्रश्न पेशी कोणत्या अवस्थेत आहे, मात्रा किती आणि किती तास, हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि पुढचं बरंचसं त्यांवर अवलंबून आहे: मानवी पेशींचं मूळ मीडियम कोणतं होतं, पेरताना त्या किती दाट होत्या, आणि सीएचआयआर मुक्त बेसच्या रूपात होतं की क्षाराच्या. त्यांचा विचार जिथल्या तिथे करू.

आधी जीएसके३, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. ते किनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम. बहुतेक किनेज बाहेरून संदेश आल्यावर जागी होतात. जीएसके३चं उलट आहे: संदेश नसताना ते कामावर असतं आणि संदेश आल्यावर थांबवलं जातं. त्यामुळे त्याचा इनहिबिटर दिला की विंट प्रथिनाने चालणारा संदेशमार्ग बंद होत नाही, चालू होतो. सीएचआयआरची नोंद वहीत 'विंट इनहिबिटर' अशी केलेली मी अनेकदा पाहतो, आणि मग पुढचा सगळा अर्थ उलटा लागतो.

विंट नसताना घडतं ते असं. अ‍ॅक्सिन आणि एपीसी या प्रथिनांच्या सांगाड्यावर विंटचा संदेश केंद्रकात नेणारं बीटा-कॅटेनिन येऊन बसतं. सीके१-अल्फा हे किनेज त्याच्या सेरीन-४५वर (४५व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर) पहिला फॉस्फेट लावतं. त्यानंतरच जीएसके३ थ्रिओनीन-४१, मग सेरीन-३७ आणि सेरीन-३३ असे पुढचे फॉस्फेट चढवतं. हा क्रम योगायोगाचा नाही. जीएसके३ला सहसा चार जागा पुढे आधीच फॉस्फेट लागलेलं सब्स्ट्रेट हवं असतं, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी किनेजने आधी तयारी करून ठेवावी लागते. ३३ आणि ३७वरचे फॉस्फेट दिसले की बीटा-टीआरसीपी हे प्रथिन त्यावर युबिक्विटिन ही नष्ट करण्याची खूण लावण्याची व्यवस्था करतं आणि प्रोटिअसोम ते फस्त करतो. सीएचआयआर दिलं की ही साखळी मधेच तुटते, बीटा-कॅटेनिन साठतं आणि केंद्रकात जातं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळला नाही तर ब्लॉट (प्रथिनांचे बँड दाखवणारी चाचणी) चुकीचे वाचले जातात. पेशीतलं सगळं जीएसके३ अ‍ॅक्सिनपाशी नसतं. इन्सुलिनसारख्या संदेशानंतर एकेटी हे किनेज जीएसके३-बीटाच्या सेरीन-९वर आणि जीएसके३-अल्फाच्या सेरीन-२१वर फॉस्फेट लावून त्याला रोखतं, पण हा साठा वेगळा. अ‍ॅक्सिनला बांधलेल्या साठ्याला ही सेरीन-९ची कळ लागू होत नाही. ही दोन्ही सेरीन बदलून तिथे अ‍ॅलॅनीन बसवलेले उंदीर जन्मतात, वाढतात आणि त्यांचा विंट मार्ग चालतो. त्यामुळे 'सेरीन-९चा बँड वाढला, म्हणजे विंट चालू झालं' हे अनुमान टिकत नाही. सीएचआयआर मात्र एटीपीच्या खाचेत बसतं आणि दोन्ही साठे एकदम रोखतं. विंट प्रथिन घालणं आणि सीएचआयआर घालणं या दोन गोष्टी म्हणूनच तंतोतंत सारख्या नाहीत. सीएचआयआरने ग्लायकोजेन सिंथेज, मिक, हेजहॉग मार्गातलं ग्ली३ अशा इतर सब्स्ट्रेटवरही परिणाम होतो.

आता मात्रेबद्दल. शुद्ध एन्झाइमवर मोजलं तर सीएचआयआर काही नॅनोमोलरलाच जीएसके३ निम्मं रोखतं. मग पेशींना ३ मायक्रोमोलर का लागतं? कारण पेशीत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असतं आणि त्याच खाचेसाठी स्पर्धा करतं. शिवाय अल्फा आणि बीटा मिळून जीएसके३च्या जनुकाच्या चार प्रती असतात. उंदराच्या ईएस पेशींत (भ्रूण-मूलपेशींत) त्यांपैकी तीन काढून टाकल्या तरी बीटा-कॅटेनिन फारसं हलत नाही, चौथी गेली की एकदम भडकतं. म्हणजे परिणाम मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि एका टप्प्यानंतर थोड्या वाढीनेही चित्र बदलतं. पिपेटच्या लहानशा चुकीने इथे निकाल फिरतो तो यामुळेच.

लिथियम हेही जीएसके३चं इनहिबिटर आहे, पण कमजोर, मिलिमोलर प्रमाणात काम करणारं. बेडकाच्या ३२ पेशींच्या भ्रूणाला थोडा वेळ लिथियम क्लोराइडमध्ये ठेवलं तर पाठ-डोक्याचा भाग अवाजवी वाढतो, हे बऱ्याच आधीपासून माहीत होतं. त्यामागचं लक्ष्य जीएसके३ आहे हे पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. याचा तुमच्याशी संबंध असा की टेसर या मानवी मूलपेशींच्या मीडियमच्या मूळ कृतीत साधारण १ मिलिमोलर लिथियम क्लोराइड आहे. ई८ या दुसऱ्या मीडियममध्ये ते नाही. म्हणून एकाच मात्रेचं सीएचआयआर या दोन मीडियममध्ये अगदी एकसारखं वागेल असं गृहीत धरू नका.

ईआरकेकडे वळू. उंदराच्या ब्लास्टोसिस्टमध्ये, साधारण साडेतीन ते साडेचार दिवसांच्या दरम्यान, आतल्या पेशींच्या पुंजक्याला एक निर्णय घ्यायचा असतो: एपिब्लास्ट व्हायचं, ज्यातून पुढे शरीर घडतं, की आदिम एंडोडर्म, ज्यातून पीतक पिशवीचं आवरण घडतं. नॅनॉग हे मूलपेशीपणाचं प्रथिन जास्त असलेल्या पेशी एफजीएफ४ हा प्रथिनरूपी संदेश सोडतात. शेजारच्या पेशी तो ग्राहकावर झेलतात, रास, रॅफ, एमईके, ईआरके अशी किनेजची साखळी पेटते, आणि ज्यांच्यात ईआरके जोरात चालतं त्या गाटा६च्या बाजूला, म्हणजे आदिम एंडोडर्मकडे झुकतात. आठ पेशींच्या अवस्थेपासून भ्रूण एमईके इनहिबिटरमध्ये ठेवला तर आतला पुंजका जवळजवळ सगळा नॅनॉगवाला होतो. उलट एफजीएफ४ भरपूर घातला तर तो सगळा आदिम एंडोडर्म होतो. एकाच एन्झाइमची पट्टी वर-खाली केली की भ्रूणातलं पेशींचं वाटप बदलतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

उंदराच्या ईएस पेशी याच एपिब्लास्टमधून येतात आणि डिशमध्येही स्वतःचा एफजीएफ४ स्वतः सोडत राहतात. म्हणजे मूलपेशीपण सोडून जाण्याचा रेटा त्या स्वतःच तयार करत असतात. एफजीएफ४चं किंवा ईआरके२चं जनुक काढलेल्या ईएस पेशी सहजासहजी डिफरन्शिएट होत नाहीत, यावरून हे पक्कं झालं. ऑस्टिन स्मिथ यांच्या गटाने २००८ मध्ये टू-आय मांडलं त्यामागचा विचार हाच होता: बाहेरून मूलपेशीपणाचा संदेश देण्यापेक्षा, निघून जाण्याचा आतला संदेश कापायचा. पीडी ते काम करतं.

मग त्यात सीएचआयआर कशाला? उंदराच्या या पेशींत टीसीएफ७एल१ नावाचं प्रथिन मूलपेशीपणाच्या जनुकांवर दाब ठेवून बसलेलं असतं. बीटा-कॅटेनिन साठलं की तो दाब सुटतो आणि ईएसआरआरबीसारखी जनुकं वर येतात. म्हणजे या अवस्थेत बीटा-कॅटेनिनचं मुख्य काम नवं काही सुरू करणं नसून असलेला अडथळा काढणं आहे. लिफ हे संदेश देणारं प्रथिन घातलं तर जेएके१ हे किनेज एसटीएटी३च्या टायरोसीन-७०५वर फॉस्फेट लावतं आणि तिसरा आधार मिळतो. टू-आय लिफशिवायही चालतं, पण लिफ असलं की कॉलन्या जास्त भरघोस होतात.

आता मानवी पेशी. नेहमीच्या मानवी ईएस आणि आयपीएस पेशी ब्लास्टोसिस्टच्या एपिब्लास्टसारख्या नसून गर्भाशयात रुजल्यानंतरच्या एपिब्लास्टशी जुळतात. पहिलीला नाइव्ह अवस्था म्हणतात, दुसरीला प्राइम्ड. प्राइम्ड पेशी टिकतात त्या एफजीएफ२ आणि अ‍ॅक्टिव्हिन किंवा टीजीएफ-बीटा यांच्या आधारावर. ई८ मीडियममध्ये लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम एफजीएफ२ आणि २ मायक्रोग्रॅम टीजीएफ-बीटा१ घालतात ते उगाच नाही. त्या एफजीएफ२चा संदेश ईआरकेमार्गेच नॅनॉगला आधार देतो. म्हणजे पीडी घालून तुम्ही उंदराच्या पेशीत बाहेर जाण्याची वाट बंद करता, आणि मानवी प्राइम्ड पेशीत तिच्या पायाखालचा आधारच काढता.

सीएचआयआरचंही तसंच. रुजल्यानंतरच्या भ्रूणात मागच्या टोकाला विंट आणि नोडल (टीजीएफ-बीटाच्या घराण्यातला संदेश) एकत्र आले की तिथे आदिम रेषा उमटते आणि पेशी आत शिरून मेसोडर्म आणि एंडोडर्म बनतात. तुमच्या मानवी पेशींना टीजीएफ-बीटाचा संदेश मीडियममधूनच मिळत होता, तो केंद्रकात नेणारे एसएमएडी२ आणि ३ तयारच होते. त्यात बीटा-कॅटेनिन साठवलं, की ब्रॅक्युरी आणि एमआयएक्सएल१ ही आदिम रेषेची जनुकं सुरू होतात आणि पेशी एकमेकींना सोडून पसरू लागतात. तुम्हाला दिसलेल्या चपट्या, पसरलेल्या पेशी याच असाव्यात.

हा फरक उंदीर आणि माणूस यांच्यातला कमी, आणि अवस्थेतला जास्त आहे. २००७ मध्ये उंदराच्या रुजलेल्या भ्रूणातून ज्या एपिब्लास्ट मूलपेशी काढल्या गेल्या, त्यांनाही एफजीएफ२ आणि अ‍ॅक्टिव्हिनच लागतात आणि टू-आयमध्ये त्या टिकत नाहीत. अर्थात प्रजातीचा फरक अजिबातच नाही असंही म्हणता येत नाही. मानवी ब्लास्टोसिस्टला एमईके इनहिबिटर दिला तरी गाटा६वाल्या हायपोब्लास्ट (आदिम एंडोडर्मच्या जागच्या) पेशी तयार झाल्या, उंदरासारख्या नाहीशा झाल्या नाहीत, असं सुरुवातीच्या प्रयोगांत दिसलं होतं. आणि मानवी नाइव्ह पेशी वाढवायच्या असतील तर आज वापरात असलेल्या पीएक्सजीएल कृतीत पीडी १ मायक्रोमोलर आणि लिफ असतं, पण सीएचआयआर नसतं. त्याऐवजी एक्सएव्ही९३९ हे २ मायक्रोमोलर असतं. ते टँकिरेज नावाच्या एन्झाइमला रोखून अ‍ॅक्सिन टिकवतं, म्हणजे बीटा-कॅटेनिन कमी ठेवतं. उंदराच्या कृतीच्या नेमकं उलट! जोडीला पीकेसी हे किनेज रोखणारं गो६९८३ हे २ मायक्रोमोलर. या पेशी सहसा आधार देणाऱ्या फीडर पेशींच्या थरावर आणि ५ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवतात. तुमच्या प्राइम्ड पेशी थेट पीएक्सजीएलमध्ये टाकून चालणार नाही, त्यांना आधी रीसेटिंगच्या, म्हणजे नाइव्ह अवस्थेत परत आणण्याच्या, टप्प्यातून न्यावं लागतं.

इथवरचं थोडक्यात: नाइव्ह उंदीर पेशीत ईआरके बाहेर ढकलतं, प्राइम्ड मानवी पेशीत ते आधार देतं. नाइव्ह उंदीर पेशीत बीटा-कॅटेनिन दाब काढतं, प्राइम्ड मानवी पेशीत ते आदिम रेषा सुरू करतं. एन्झाइम तेच आहेत. त्यांच्या पुढ्यात कोणती जनुकं उघडी आहेत आणि कोणते जोडीदार हजर आहेत, ते बदललं.

वेळेचं महत्त्व बघायचं असेल तर हृदयपेशींची कृती बघा. तीत फक्त दोन रेणू आहेत. मानवी पेशी १२-वेल प्लेटमध्ये वेलमागे ५ ते १० लाख पेरायच्या आणि तीन-चार दिवसांत वेल जवळपास पूर्ण भरू द्यायची. शून्याव्या दिवशी आरपीएमआय मीडियम आणि इन्सुलिनविरहित बी२७ हे पूरक यांच्यात सीएचआयआर ६ ते १२ मायक्रोमोलर, बरोबर २४ तास. मग काढून टाकायचं. तिसऱ्या दिवशी आयडब्ल्यूपी२ हे ५ मायक्रोमोलर, ४८ तास. हे पॉर्क्युपाइन या एन्झाइमला रोखतं. पॉर्क्युपाइन विंटवर चरबीचा अंश चढवतं आणि तो नसेल तर विंट पेशीबाहेर पडून काम करू शकत नाही. सातव्या दिवशी इन्सुलिनसह बी२७. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास वेलमध्ये स्पंदन दिसतं. विंट आधी चालू करून मेसोडर्म करायचा, मग तोच बंद करून हृदयाकडे वळवायचं, असा हा सगळा खेळ आहे. सीएचआयआर दोन-तीन दिवस तसंच राहू दिलं तर पेशी टीबीएक्स६च्या वाटेने कण्यालगतच्या मेसोडर्मकडे जातात आणि स्पंदन कधीच येत नाही.

या कृतीत बिघडतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे घनता. विरळ वेलमध्ये तीच मात्रा विषारी ठरते. २४ तासांनी निम्म्या पेशी तरंगत असतील तर आधी घनता तपासा आणि मगच मात्रा कमी करा. दुसरं, मात्रा प्रत्येक पेशीमालिकेसाठी वेगळी असते. ४, ६, ८, १० आणि १२ मायक्रोमोलर अशा पाच वेल लावा, २४ तासांनी फ्लो सायटोमेट्रीने ब्रॅक्युरीवाल्या पेशी मोजा, आणि सर्वाधिक ब्रॅक्युरी देणारी पण पेशी फार न मारणारी मात्रा घ्या. तिसरं, पहिल्या आठवड्यात चुकून नेहमीचं बी२७ वापरलं जाणं. त्यातलं इन्सुलिन हृदयाकडे जाणारा मेसोडर्म अडवतं. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून झाकणावर रंगीत पट्टी लावून ठेवणं बरं.

तुम्ही शेवटी ओझरता विचारलेला आरओसीके इनहिबिटरचा मुद्दा वेगळ्या जातीचा आहे. वाय-२७६३२ (आरओसीके या किनेजचं इनहिबिटर) डिशमध्ये पेशीचं नशीब ठरवायला नसून जीव वाचवायला असतं. मानवी प्राइम्ड पेशी सुट्ट्या केल्या की ई-कॅडहेरिनची पकड सुटते, ऱ्हो आणि आरओसीके बेसुमार चालतात, मायोसिन आकुंचतं आणि पेशीच्या पृष्ठावर फुगे येऊ लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे फुगे पेशी सुट्ट्या केल्यावर थोड्याच वेळात दिसतात. त्यातून पेशी मरते. योशिकी सासाई यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ने सुट्या मानवी ईएस पेशींची कॉलनी धरण्याची क्षमता सुमारे १ टक्क्यावरून २७ टक्क्यांपर्यंत जाते. उंदराच्या नाइव्ह पेशींना याची गरज नसते. पेरल्यावर पहिले २४ तास पुरे, मग काढा. कायम ठेवलं तर पेशी लांबोडक्या होतात, कॉलनीचा आकार वाचता येत नाही, आणि या मात्रेला ते इतर किनेजनाही लागतं. भ्रूणात तर ते सरळ नशिबालाच हात घालतं: बाहेरच्या पेशींत एलएटीएस किनेज थंड असतात, वायएपी केंद्रकात जातं आणि सीडीएक्स२ सुरू होऊन वार बनवणारा थर ठरतो. आरओसीके रोखलं की पेशींची ध्रुवता बिघडते आणि ही आत-बाहेरची वाटणी ढासळते.

फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमचाही तोल तितकाच नाजूक आहे. एसएचपी२ हे फॉस्फेटेज ईआरकेच्या साखळीला बळ देतं. त्याच्या पीटीपीएन११ या जनुकात त्याला अधिक क्रियाशील करणारा बदल झाला तर नूनन सिंड्रोम होतो, आणि त्या विकाराच्या साधारण निम्म्या रुग्णांत हेच जनुक सापडतं. ठेंगणेपणा आणि फुप्फुस-धमनीच्या झडपेचं अरुंद होणं ही त्याची ओळखीची लक्षणं. साखळी तुटलेली नसते, थोडी जास्त चालत असते, आणि तेवढ्यानेही हृदयाची जडणघडण बदलते.

आता तपासणी. इनहिबिटर घातलं म्हणजे एन्झाइम रोखलं गेलं, असं समजू नका. मोजा.

ईआरकेसाठी थ्रिओनीन-२०२ आणि टायरोसीन-२०४वर फॉस्फेट असलेलं ईआरके ओळखणारं प्रतिपिंड वापरा. ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दोन बँड येतात. त्याच नमुन्यावर एकूण ईआरकेही बघा. सर्वात मोठी चूक नमुना घेताना होते. ताजं मीडियम घातल्याबरोबर ५ ते १५ मिनिटांत ईआरके उसळतं, म्हणून नमुना घेण्याआधी दोन-तीन तास प्लेटला हात लावू नका. प्लेट इन्क्युबेटरमधून काढली की थेट बर्फावर ठेवा, थंड बफरने एकदा धुवा, आणि सोडियम ऑर्थोव्हॅनडेट १ मिलिमोलर व सोडियम फ्लोराइड असलेल्या लायसिस बफरमध्ये लगेच खरवडा. फॉस्फेटेज रोखली नाहीत तर लायसेटमध्येच फॉस्फेट उतरतात आणि इनहिबिटर फार छान चालल्याचा भास होतो. ब्लॉकिंगसाठी दुधाऐवजी ५ टक्के बीएसए घ्या, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं. पीडीचा परिणाम फॉस्फो-एमईकेवरून ठरवू नका. ईआरके थंडावलं की रॅफवरचा उलट दाब सुटतो आणि फॉस्फो-एमईके वाढलेलंसुद्धा दिसू शकतं. बघायचं ते फॉस्फो-ईआरके.

बीटा-कॅटेनिनच्या बाबतीत संपूर्ण लायसेटचा ब्लॉट फसवतो. पेशीतलं बरंचसं बीटा-कॅटेनिन ई-कॅडहेरिनला चिकटून पटलावर असतं आणि विंटशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे एकूण बँड जेमतेम हलतो. ३३, ३७ आणि ४१वर फॉस्फेट नसलेलं रूप ओळखणारं प्रतिपिंड घ्या, किंवा केंद्रकाचा अंश वेगळा काढा. सर्वात सोपं म्हणजे अ‍ॅक्सिन२चं क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणं), कारण ते विंटचं थेट लक्ष्य आहे आणि काही तासांत वर येतं. ते वर आलं नसेल तर सीएचआयआर पेशीत पोचलेलंच नाही किंवा खराब झालंय, आणि मग पुढचं डिफरन्शिएशन बघण्यात अर्थ नाही.

बाटलीबद्दलची शंका हिशेबाने मिटते. सीएचआयआरच्या मुक्त बेसचा रेणुभार ४६५.३ आहे. ५ मिलिग्रॅमला १.०७ मिलिलिटर डीएमएसओ घातलं की १० मिलिमोलर होतं. त्याचा ट्रायहायड्रोक्लोराइड क्षारही मिळतो, त्याचा रेणुभार सुमारे ५७४.७. मुक्त बेसचाच ४६५.३ हा आकडा धरून क्षार विरघळवला तर स्टॉक ८.१ मिलिमोलरच होतो, म्हणजे ३ मायक्रोमोलर समजून तुम्ही २.४ देताय. मघाशी सांगितलेल्या एकदम चढणाऱ्या परिणामामुळे हा फरक पुरेसा आहे. पीडीचा रेणुभार ४८२.२. दोन्हींचे २० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशावर ठेवा, वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका, आणि वापरण्याआधी तळाशी साका नाही ना ते उजेडात धरून पाहा. थंड मीडियममध्ये सीएचआयआर एकदम टाकलं तर सुईसारखे स्फटिक दिसू शकतात. मीडियम कोमट करून हलवत हलवत घाला. अंतिम डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, आणि नियंत्रण वेललाही तितकंच डीएमएसओ द्या.

तुमच्या उंदीर पेशी टू-आयमध्ये छान दिसतायत, पण त्या महिनोन् महिने तशाच ठेवू नका. एमईके दीर्घकाळ रोखलं तर डीएनएवरचं मिथिलेशन सर्वत्र घसरतं, इम्प्रिंटिंगच्या (जनुकाची प्रत आईकडची की वडिलांकडची ते सांगणाऱ्या) खुणा पुसल्या जातात आणि अशा पेशींची भ्रूण घडवण्याची क्षमता कमी होते, हे २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. इम्प्रिंटिंगच्या खुणा गेल्या की पीडी काढल्यानेही परत येत नाहीत. कायमेरा (या पेशी दुसऱ्या भ्रूणात मिसळून घडवलेले उंदीर) करायचे असतील तर कमी पॅसेजच्या पेशी गोठवून ठेवा आणि पीडी ०.३ ते ०.४ मायक्रोमोलरवर आणून चालतं का ते पाहा. टू-आय पूर्ण काढल्यावर साधारण २४ ते ४८ तासांत पेशी नाइव्ह अवस्थेतून बाहेर पडतात. पेशी खरोखर चांगल्या मूलपेशी आहेत की नुसत्या दिसायला गोल, हे त्यावरून कळतं. ज्या बाहेरच पडत नाहीत त्या मालिकेवर भरवसा ठेवू नका.

पुढचा प्रयोग माझ्या मते असा लावा. मानवी पेशी नेहमीच्या मीडियममध्ये, वाय-२७६३२ पहिल्या दिवशी देऊन दुसऱ्या दिवशी काढून, चार वेलच्या तीन ओळींत. पहिल्या वेलला फक्त डीएमएसओ, दुसरीला पीडी १ मायक्रोमोलर, तिसरीला सीएचआयआर ३ मायक्रोमोलर, चौथीला दोन्ही. पहिली ओळ सहा तासांनी काढा: फॉस्फो-ईआरके आणि अ‍ॅक्सिन२. दुसरी ४८ तासांनी: ब्रॅक्युरी आणि नॅनॉग. तिसरी ७२ तासांनी: ऑक्ट४ आणि कॉलनीचे फोटो. मला अपेक्षित आहे की पीडीच्या वेलमध्ये नॅनॉग घसरेल, सीएचआयआरच्या वेलमध्ये ब्रॅक्युरी चढेल, आणि दोन्ही एकत्र दिलेल्या वेलचं चित्र या दोहोंच्या साध्या बेरजेसारखं नसेल, कारण ब्रॅक्युरीलाही एफजीएफ-ईआरकेचा हातभार लागतो. पहिल्या ओळीत अ‍ॅक्सिन२ हललं नाही, तर बाटलीचा संशय खरा धरा आणि नवा स्टॉक करा. निकाल आले की चारही वेलचे आकडे, मूळ मीडियमचं नाव आणि पेरणीची घनता कळवा. तुमच्या मालिकेसाठी सीएचआयआरची मात्रा कुठून सुरू करायची ते त्यावरून सांगता येईल.